पदराआडचे दात

जयश्री सावरगावात सून म्हणून आली त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिने सासूसासऱ्यांचं भांडण ऐकलं. ऐकायचं नव्हतं. पण सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, तुरी पाखडत बसलेल्या नव्या सुनेने कान न्यावेत तरी कुठे? आतल्या खोलीत अंबाबाई दात बसवून मागत होती आणि पुंडलिकराव हसण्यावारी नेत होते. या वयात दात कोणाला दाखवायचे, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर संत्र्याची बाग सांभाळलेला माणूस. एखादं झाड पिवळं पडलं तर त्यांना जेवण जात नसे. बायकोच्या हिरड्या सडून ऐन चाळिशीत तोंड रिकामं झालं, ते काही त्यांना दिसलं नाही.

दिसावं तरी कसं? अंबाबाई तोंडाला पदर लावूनच बोलायची. हसायची ती पदरात, जेवायची ती सगळ्यांच्या मागून, भिंतीकडे तोंड करून. गावाला वाटे, काय मर्यादेची बाई आहे.

त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "तुमच्या आधी गेली मी, तर गावच्या बाया मले कुंकू लावाले येतीन. साऱ्या तोंड पाहतीन माहं. तव्हा माहा पदर कोन धरन?"

पुंडलिकराव उठले. चप्पल घालून बागेत निघून गेले. जयश्रीचं सूप हातातच राहिलं.

त्यानंतर घरात दातांचं नाव निघालं नाही. निघालं ते पुंडलिकरावांची स्वतःची दाढ उपटली तेव्हा. आठ दिवस दुधात भाकर कुस्करून खावी लागली. नवव्या दिवशी म्हातारा बायकोला म्हणाला, चाल, पुलापलीकडे जाऊन येऊ. पुलापलीकडे म्हणजे पांढुर्ण्याला, दातांच्या डॉक्टरणीकडे.

मापं झाली, कवळी आली. पहिल्या दिवशी अंबाबाई 'शेंगदाणे' म्हणायला गेली तर अशी शिट्टी वाजली की दारातली बकरी वळून पाहू लागली. जयश्री हसली, अंबाबाईही हसली, आणि हसताना तिचा हात सवयीने पदराकडे गेला तो अर्ध्यातच थांबला. मुलगा विजय तर आईकडे पाहतच राहिला. त्याला आईचं हसणं आठवतच नव्हतं. त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू अंबाबाईने घरी केलं, पहिल्यांदा.

कवळीची निगा मात्र पुंडलिकरावांकडे. अंबाबाईने बजावलं होतं, "तुमीच आनले, आता तुमीच धुवा." रोज निजायच्या आधी ती पाठ फिरवून दात काढायची आणि पदराखालून हात पुढे करायची. बिनदाताचं तोंड तिने नवऱ्यालाही कधी दाखवलं नाही. म्हातारा खाली पाण्याची परात ठेवायचा, हातातून निसटली तरी फुटू नये म्हणून. मऊ ब्रशने हलके घासायचा, मग वाटीत पाणी घालून त्यात ठेवायचा, वर ताटली. डॉक्टरणीने सांगितलं तसं सगळं.

एक गोष्ट तिने सांगितली होती, ती तेवढी ते विसरले. बोरगावचा चुलतभाऊ वारला आणि घराला सुतक आलं. सुतक फिटायच्या दिवशी घर सारवलं, पांघरुणं सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकली, भांडी राखेने घासली. पुंडलिकरावांच्या मनात आलं, सुतकात हिनं याच दातांनी जेवण केलं की. त्यांनी चुलीवरचं आधण उचललं आणि वाटीतल्या कवळीवर ओतलं. घराबरोबर दातही शुद्ध.

कवळी वाकडी झाली. गरम पाणी लावू नका, ही डॉक्टरणीची ताकीद तेव्हा आठवली. तोंडात घातली की डुगडुगे, बोलताना सुटे. पुंडलिकराव अपराध्यासारखे समोर बसले. अंबाबाई रागावली नाही. "सुतक फिटलं बाप्पा," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा तोंडाला पदर लावला. तिने चार शब्द ऐकवले असते तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

नवी करायची तर पुन्हा पहिल्यापासून मापं. तोवर अंबाबाई खंगली होती, पायांवर सूज होती, चार पावलांवर दम लागे. तरी प्रत्येक वेळी ऑटोत बसून गेली. शेवटचं माप देऊन आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "सोमवारी नक्की देऊन राहिली ना ते डॉक्टरीन?" ते म्हणाले, देऊन राहिली, मी घेऊन येतो.

सोमवारी पहाटे अंबाबाई गेली.

घरात रडारड झाली, माणसं जमू लागली. पुंडलिकरावांनी टोपी घातली, पिशवी घेतली आणि कोणाशी न बोलता निघाले. विजय चिडला. आई इथे आणि बाबा बाजारात निघाले? जयश्रीला सपरीत बसून ऐकलेलं ते भांडण आठवलं. ती नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "थांबा. ते आल्याबिगर आत्याबाईले हलवू नका."

दवाखाना काही पहाटे उघडत नाही. म्हातारा बंद शटरसमोर पायरीवर बसून राहिला. ऊन चढल्यावर तो परतला, तेव्हा अंबाबाईला हिरवं लुगडं नेसवून झालं होतं. त्याने डबी सुनेच्या हातात दिली. जयश्रीने कवळी ओली केली, सासूची हनुवटी हळूच धरली. जबडा ताठ झाला होता. तिने पुन्हा उघडून पाहिला. शेजारची कलाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आता नाई उघडत, माय. जोर नको लावू."

बाया कुंकू लावायला पुढे झाल्या. पुंडलिकराव उशाशी येऊन बसले. बायांत असा पुरुष बसत नाही, पण बायांनी सरकून जागा दिली. त्यांनी हिरव्या लुगड्याचा पदर दोन बोटांत धरला आणि अंबाबाईच्या ओठांवर घेतला. एकेक बाई येई, कपाळाला कुंकू लावी, पायांवर डोकं ठेवी. वारा आला की पदर उडायला बघे. त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

जाळून आल्यावर घरात चूल पेटली नाही. शेजारून आलेलं पिठलं तसंच पडलं होतं. दिवेलागणीला पुंडलिकराव उठले. डबीतली कवळी काढली, खाली परात ठेवली, मऊ ब्रशने हलके घासली. वाटी विसळून तिच्यात पाणी घेतलं आणि आधी बोट बुडवून पाहिलं. थंड होतं. कवळी पाण्यात सोडून त्यांनी वर ताटली ठेवली.