मधाच्या रंगाची काच

भिवंडीजवळच्या वडप्याहून भाच्याचा फोन आला, "मावशी, आई गेली..." रडू नंतर आलं. आधी डोळ्यांपुढे उभी राहिली ती पदर खोचून भट्टीसमोर थांबलेली शांताताई. त्यालाही आता महिना होत आला.

शांताताई माझी थोरली बहीण. आमच्या बौद्धवाड्यातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी. सत्तरच्या दशकात ती भिवंडीत, शाळांच्या सूक्ष्मदर्शकांसाठी भिंगं करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागली. तिथे एका कॉलेजने दुर्बिणीचा आरसा मागितला. साध्या काचेचा आरसा रात्रीच्या गारव्यात किंचित आकसतो आणि ग्रह धूसर दिसतात. ताईने ठरवलं, थंडी-उन्हाने न हलणारी काच आपणच करायची. ओतलेली काच पुन्हा हळूहळू तापवत नेली की तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे स्फटिक धरतात, मग ती आकार सोडत नाही. आई म्हणायची, "काच बाजारात गावते, ती शिजवाया कशाला पायजे?"

पण आरशासाठी ओतलेल्या काचेच्या चकत्या भट्टीत तडकत राहिल्या. ताई मिश्रण बदलून थकली. मालक म्हणाले, "शांताबाई, आता ही शेवटची. मग आपली भिंगंच बरी." त्याच सुमारास शिफ्ट बदलताना ती भट्टीपाशी होती. गल्लीतले सगळे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, एकदम धडाडले, दिवा मिणमिणला आणि भट्टीचा स्विच उडाला. हे रोजच व्हायचं. कामगार स्विच परत चालू करायचा, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं... पण तेवढ्यात भट्टी गार होते आणि म्हणूनच चकती तडकते, हे ताईच्या लक्षात आलं. ती तशीच उठून लूमवाल्यांकडे गेली. त्यांच्यातले वडीलधारे रहीमचाचा.

"चाचा, आठवडाभर लूम एकेक करून चालू करा."

"बेटी, कारीगर कपड़े के हिसाब से कमाता है. जो आखिर में चालू करेगा, उसका क्या?"

"रोज नंबर बदलो. आज जो आखिर में, वो कल पहले."

चाचा हसले. "और ये सब एक काँच के लिए?"

"चाँद देखने के लिए, चाचा."

आठवडाभर चाचा स्वतः गल्लीत उभे राहून हात वर करत, आणि एकामागून एक लूम सुरू होत गेले. चकती निघाली ती अख्खी, मधाच्या रंगाची. त्याच घाण्यातला एक तुकडा ताईने लालभडक तापवला आणि सगळ्या गल्लीदेखत पाण्याच्या बादलीत सोडला. चर्रर्र झालं. बायकांनी डोळे मिटले. तुकडा बाहेर आला, साधा तडासुद्धा नाही! "माशाल्लाह," चाचा म्हणाले, आणि इतका वेळ ताठ उभी असलेली ताई खाली बसून हुंदके देऊन रडली.

आरसा घासून, चकाकी देऊन कॉलेजच्या गच्चीवर बसला तेव्हा ताईने आईला आणि चाचांना नेलं. शनी पाहून आई ओरडली, "याला तं कडं घातलंय गो!" खाली उतरेपर्यंत तिने ताईचा हात सोडला नाही.

परवा मी त्या कॉलेजात गेले. दुर्बीण अजून चालते. दाखवणारे तरुण प्राध्यापक कौतुकाने म्हणाले, "बघा, इतक्या वर्षांनीही कसा टिकलाय. आरसा परदेशी असणार."

एरवी मी शहरातली मराठी बोलते. त्या क्षणी मात्र आईचीच बोली तोंडी आली.

"न्हाय," मी म्हटलं, "भिवंडीचा हाय. माझ्या बहिनीनं केलाय."