पॅरा सिक्स

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही फारसा नाही. कोकणात आमच्या गावाला वडाखाली काय दिसतं, विहिरीवर कोण बसतं, असलं पुष्कळ ऐकलं. रात्री-अपरात्री पाणी आणायला मीच जायची, मला कधी कुत्रंसुद्धा दिसलं नाही. पण ही एक गोष्ट माझ्यासमोर घडली, भर दुपारी, तीही वकिलाच्या ऑफिसात. म्हणून लिहिते. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चुका असतील तर सांभाळून घ्या.

आमचे मालक गिरणीतली नोकरी सुटून घरी बसले तेव्हा मी अंधेरी पूर्वेला एका वकिलांकडे कामाला लागले. झाडू-पोछा, चहा, आणि कागद शिवणं. कोर्टाचे कागद तेव्हा जाड सुईने आणि दोऱ्याने शिवायचे. माझा टाका घट्ट म्हणून साहेबांनी ते काम मला दिलं.

टायपिंगला सामंत होते. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत. त्यांची एक पद्धत होती — टाइप झालं की साहेबांनी हाताने लिहिलेला कच्चा कागद सामंत मोठ्याने वाचायचे आणि दुसरा कोणीतरी टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवून बघायचा. त्याला ते 'कंपेअर' म्हणायचे. इंग्रजीत वाचायचे, मध्ये कॉमा, फुलस्टॉप, नेक्स्ट पॅरा, सगळं मोठ्याने. आणि दर दोन ओळींनी खोकायचे. काही चुकलं की म्हणायचे, "थांबा." मला इंग्रजी येत नाही, पण अकरा वर्षं ते ऐकून चाल पाठ झाली होती.

मग सामंतांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कॉम्प्युटर आणला म्हणून सामंतांना काढलं असं बिल्डिंगमधले लोक बोलायचे, ते खोटं आहे. आधी ते पडले, मग मशीन आलं. सत्याऐंशी साल असेल. सामंतांच्या खोलीला काच लावली, एसी लावला, आणि आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. देवाला नाही एवढं सोवळं त्या डब्याला! मशीन चालवायला मीनल मॅडम, साहेबांच्या ज्युनिअर. हुशार पोरगी, पण घाई फार. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "सर, आता कंपेअरची गरज नाही. मशीन चुकत नाही." साहेबांनी मान डोलावली. पद्धत बंद.

आता त्या दिवसाचं सांगते.

वर्सोव्याची हिराबाई म्हणून एक कोळीण आमची पक्षकार होती. नवरा वारला आणि दिराने घरावर दावा टाकला. दोन-तीन वर्षं भांडून शेवटी समझोता ठरला — माडीच्या खोल्या दिराला, खालचं घर आणि पुढचं खळं हिराबाईला. खळं म्हणजे अंगण, तिथे ती बोंबील वाळवायची. त्यावरच तिचं पोट होतं. समझोत्याचा कागद अडीचपर्यंत कोर्टात पोचवायचा होता. साहेब तिकडेच होते. मॅडमने साडेअकराला कागद छापला — काय ती करकर त्या मशीनची! — माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "मावशी, हे शिवा, हिराबाईंचा अंगठा घ्या, मी बाकीच्या कागदांची झेरॉक्स काढून आलेच." आणि खाली गेली.

मी बाहेरच्या बाकावर सुई ओवत होते. हिराबाई शेजारी. इतक्यात आतून वाचायचा आवाज आला. इंग्रजी. कॉमा... फुलस्टॉप... नेक्स्ट पॅरा...

मी दोरा ओवतच राहिले. म्हटलं आपल्या कानाला सवय आहे, भास झाला असेल.

हिराबाईच म्हणाली, "आत कोण वाचतंय गो बाय?"

"कोणी नाही."

"मग खोकतंय कोण?"

मी उठले. काचेतून बघितलं. खुर्ची रिकामी, मशीनवर कापडाची खोळ. बाहेर चपलाही नाहीत. दार उघडलं तर आवाज बंद. नुसता एसी. दार लावलं — परत सुरू. मी दोनदा उघडून बघितलं, दोन्ही वेळा तेच. हिराबाई म्हणाली, "भूत हाय काय गो? असला तर सांग, मी पायऱ्यांवर बसते." मी म्हटलं, "गप बस, ऐकू दे."

आवाज म्हणाला, "पॅरा सिक्स." थोडं वाचलं, खोकला, आणि — "थांबा." मग परत, "पॅरा सिक्स." परत, "थांबा." असं तीनदा. मग काही नाही.

आकडे मला येतात. हातातल्या कागदावर सहा आकडा शोधला. पुढे इंग्रजी, मला काय कळणार. मी सुई बाजूला ठेवली.

मॅडम धापा टाकत वर आली. "हे काय, शिवलं नाही अजून? मावशी, वाट लावाल माझी!"

"सहावा पॅरा वाच आधी."

"तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?"

"नाही येत. तू वाच."

"अहो, मी वाचलाय स्क्रीनवर! द्या इकडे."

मी कागद मांडीखाली घेतला. नोकरी जाईल हे कळत होतं. "हिराबाईला मराठीत सांग त्यात काय लिहिलंय. मग शिवते."

मॅडमने रागाने कागद ओढला आणि भराभर सांगायला लागली. "हिराबाई यांनी कबूल केलं आहे की घरापुढची मोकळी जागा त्या..." आणि तीच ओळ मनात परत वाचायला लागली.

"त्या काय?" हिराबाई उठून उभी राहिली. "माझ्या खळ्याचं काय?"

झालं होतं असं — मॅडमने आधीच्या एका बिल्डरच्या केसचा समझोता मशीनमध्ये उघडला आणि नावं बदलली. एक बटण दाबलं की सगळीकडचं नाव एकदम बदलतं म्हणे. त्या केसमधला मोकळी जागा सोडून देण्याचा पॅरा तसाच राहिला, वर हिराबाईचं नाव लागलं. साहेबांच्या हाताने लिहिलेल्या कच्च्या कागदात तो पॅरा नव्हताच. दहा मिनिटं उशीर झाला असता तर अंगठा लागून खळं दिराकडे गेलं असतं.

मॅडमने पॅरा काढून कागद परत छापला. मग साहेबांचा कच्चा कागद घेऊन एकेक ओळ मोठ्याने वाचली. मी शिवला, हिराबाईने अंगठा दिला, मॅडम आणि ती रिक्षाने कोर्टात गेल्या. वेळेत पोचल्या.

संध्याकाळी साहेबांनी मला आणि हिराबाईला वेगवेगळं बसवून उलटतपासणी घेतली. आवाज कसा, खोकला कसा, दार किती वेळा उघडलं. शेवटी म्हणाले, "सुमनबाई, दोन्ही साक्षी जुळतात. पण हे मी कुठल्या कोर्टात सांगू?" दुसऱ्या दिवसापासून कंपेअर परत सुरू. कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

रविवारी मी बोरिवलीला सामंतांकडे गेले. त्यांच्या बायकोला विचारलं, त्या दिवशी दुपारी बाराच्या आधी हे काय करत होते? ती म्हणाली, "काय करणार? मी पेज भरवत होते. अर्धी सांडली." मग मी सामंतांनाच सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, "तुम्ही होतात का?"

त्यांनी नीट ऐकलं. मान हलवली — नाही. मी परत विचारलं. परत नाही, आणि जरा चिडूनच.

त्यांचं मला खरं वाटलं. सव्वीस वर्षांत पक्षकारांचं खोटं त्यांनी पुष्कळ टाइप केलं असेल, स्वतः कधी बोलले नाहीत.

मग वाचत कोण होतं? मला माहीत नाही. वाचकांपैकी कोणाला काही सुचत असेल तर कळवा. फक्त सामंतांचं भूत असं म्हणू नका. ते त्यानंतर चार वर्षं जिवंत होते.