ओळखपत्रातले ओठ

कुंभकोणमात माणूस गेलं की रडण्याआधी फोटो शोधावा लागतो. दुपारच्या आत गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागायला हवा. त्यावर गेलेल्याचा मोठा चेहरा, कोपऱ्यात पेटती समई आणि वर तमिळमध्ये अश्रूंची अंजली. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले, तेव्हा मला हा प्रकार फार उघडाउघडा वाटला होता. आता सवय झाली आहे. त्या सकाळी मी फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत होते. हॉस्पिटलातून राघवचा फोन आला. राघव माझा नवरा. बँकेत आहे, मुळातच कमी बोलतो. ‘‘अक्का गेली,’’ तो म्हणाला. आणि मग, ‘‘फोटो होणा. चोखट एक पाहून दे.’’ चोखट म्हणजे छान. हजार किलोमीटर दक्षिणेला आलं की काय, चारशे वर्षं मागे गेलं की काय, मराठी अशी भेटते. चांगला एक फोटो हवा होता, आणि तो माझ्या फोनमध्ये होता. शोधावाही लागला नाही.

अंबुजाक्का राघवची थोरली बहीण. तंजावरच्या जुन्या मराठी घरातली, पस्तिशीच्या आत विधवा झालेली, विमा कार्यालयात टेबलामागे आयुष्य काढलेली. आमच्या मागच्याच गल्लीत ती एकटी राहायची. नोकरीत असताना मी तिला फिकट सुती साड्यांतच पाहिलं. निवृत्त झाली आणि तिला एकदम सगळंच आवडायला लागलं. दारासुरमच्या देवळात लोक दगडी रथाचे फोटो काढतात. ही टाउन बसने तिथे जायची आणि देवळाकडे पाठ करून विणकरांच्या दारात वाळत टाकलेल्या रंगवलेल्या रेशमाच्या लडी टिपायची. तंजावर शैलीची चित्रं शिकायला एका बाईंकडे जायला लागली. तिच्या पहिल्या बाळकृष्णाचे गाल हुबेहूब राघवच्या लहानपणच्या फोटोसारखे उतरले. ‘‘मला दुसरा कोण येतो काढायला?’’ असं तिने वर मलाच विचारलं. तो कृष्ण अजून आमच्या जेवणघरात आहे आणि राघव त्याच्याकडे पाठ करून जेवतो.

आमचा गुरुवार तिनेच सुरू केला. दुपारी चारच्या कॉफीला ती आमच्याकडे यायची, आणि त्या आठवड्यात आपल्याला आवडलेलं काहीतरी एकमेकींना दाखवायचं, असा शिरस्ता होता. गाणं, पुस्तकातलं पान, काजळाची नवी डबी, कोणाच्या तरी उंबऱ्यासमोरची कोलमची रांगोळी... काहीही चाले. नियम एकच. नुसतं छान म्हणून सुटका नाही. ‘‘चोखट म्हणून उगे बसूं नक्को. काय चोखट, तें सांग,’’ असं म्हणून ती माझा कॉफीचा पेला आपल्याकडे ओढून घ्यायची. सुरुवातीला मी पुण्या-साताऱ्याकडच्या वाचक बायकांच्या थाटात आशयघन वगैरे बोलायचे. ती मान वाकडी करून ऐकायची आणि पेला काही सोडायची नाही. हळूहळू मला नीट बघता यायला लागलं. एका गाण्यात गाणारी कुठे श्वास घेते ते ऐकू यायला लागलं. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं, आणि तिला मी हे कधी सांगितलं नाही.

लिपस्टिक आली ती अशाच एका गुरुवारच्या आधी. आम्ही दोघी मोठ्या बाजारात गेलो होतो. मला टिकल्या घ्यायच्या होत्या. अक्काने काउंटरवरच्या मुलीला सांगून मनगटापासून वर हातभर पट्टे ओढून घेतले, गुलाबी, विटकरी, जांभळट, आणि ते घेऊन ती दुकानाच्या दारात उन्हात उभी राहिली. रस्त्यावरचे लोक बघत होते. मला कानकोंडं झालं. साठीची विधवा बाई, आमच्या ओळखीच्या बाजारात, हाताला रंग फासून! मी चपलांच्या दुकानाकडे बघत उभी राहिले, जणू आमची ओळखच नाही. तिने डाळिंबी रंग घेतला. घरी येऊन माझ्या आरशासमोर लावला, ओठ मिटले, उघडले. ‘‘विजू, कसी अहे मी? चोखट म्हणूं नक्को.’’ मी म्हणाले, ‘‘दात पांढरे दिसतात, अक्का. आणि तुम्ही आत्ता काहीतरी खोडी काढणार आहात असं वाटतं.’’ ती इतकी खूश झाली की माझी कॉफीसुद्धा तिनेच करून आणली.

तो फोटो त्यानंतरचा. आमच्या पश्चिमेच्या खिडकीत चारला तिरपं ऊन येतं, ते तिला फार आवडायचं. तिने खुर्ची तिथे ओढली, मांडीवर लायब्ररीतली जाडजूड तमिळ कादंबरी घेतली, फोन पितळी वाटीला टेकवून टायमर लावला आणि जाऊन बसली. पहिल्यांदा फोन घसरला. दुसऱ्यांदाही घसरला आणि त्यात पंख्याचा फोटो आला. तिसऱ्यांदा मी म्हणाले, ‘‘अक्का, त्या वाटीलाच बसवू का खुर्चीत?’’ आणि ती हसली. तोच क्षण फोनने पकडला. डाळिंबी ओठ, मोकळं तोंड, चष्मा नाकावर घसरलेला, पानावर बोट तसंच. फोटो बघून ती म्हणाली, ‘‘हा भिंतीवरचा. मी गेल्यावर हाच लावा.’’ मी म्हणाले, काहीतरीच बोलू नका. असल्या वेळी सगळेच म्हणतात ते.

तिने तो घरच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. चेन्नईपासून तिरुविडैमरुदूरपर्यंतचे सगळे दीर, जावा, मामा, काका त्यावर आहेत. दिवसभर कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी कोणीतरी दोन जोडलेले हात टाकले, गेलेल्या माणसाला टाकतात तसे. मी तिला वेगळं, एकटीला, लाल हृदय पाठवलं. ग्रुपवर नाही. हे मी नेहमीच असं करायचे. ती टाकायची रेशमाच्या लडी, गालफुगा कृष्ण, काजळ घातलेले डोळे. आणि मी दारं लावून तिचं कौतुक करायचे. पुढच्या गुरुवारी तिने हसत हसतच विचारलं, ‘‘तूं काय म्हणून ग्रुपांत उगी राहिलीस?’’ मी म्हणाले, राहून गेलं. तिने पुढे विचारलं नाही, कादंबरीतलं पान दाखवायला घेतलं. ते पान कशाबद्दल होतं ते मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते.

आणि त्या सकाळी मी तो फोटो घेऊन स्टुडिओत उभी होते. स्टुडिओवाल्याने तो पडद्यावर मोठा केला. अक्काचा चेहरा खिडकीएवढा झाला आणि मला एकदम गल्लीचं तोंड दिसलं. तिथून येणारी-जाणारी माणसं दिसली, आणि सगळ्यांत जास्त दिसले ते राघवचे काका, तिरुविडैमरुदूरचे वेंकोबाकाका. संध्यावंदन न चुकवणारे, ऐंशीच्या पुढचे, आमच्या घराण्याचे शेवटचे वडीलधारे. पहिल्या गाडीने ते यायचे होते. रिक्षातून उतरल्या उतरल्या समोर हा फ्लेक्स. मी स्टुडिओवाल्याला म्हणाले, ‘‘ओठांचा रंग काढता येईल?’’ त्याने काढला. रंग गेल्यावर हसू जास्तच उघडं दिसायला लागलं. ‘‘तोंड मिटलेलं असेल तर बरं,’’ मी म्हणाले. त्याने दुसरा फोटो मागितला. माझ्याकडे तिच्या जुन्या ऑफिसच्या ओळखपत्राचा फोटो होता, तिच्या पेन्शनच्या कामासाठी काढलेला. त्याने त्यातले ओठ कापले आणि यावर बसवले. पाच-दहा मिनिटांचं काम. मला कोणी सांगितलं नव्हतं. राघवने फक्त चांगला फोटो मागितला होता. हे सगळं मी, माझ्या अकलेने, मेलेल्या माणसाच्या लाजेखातर केलं असं मनाशी म्हणत केलं. लाज माझी होती.

फ्लेक्स वेळेत लागला. वर डोळे हसत होते, गालांना खळ्या पडल्या होत्या, आणि खाली विमा कार्यालयातलं बंद तोंड. रोज तिला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा देणारी फुलवाली बाई फ्लेक्सखाली उभी राहून मला विचारत होती, कोण गेलं? मी नाव सांगितलं तेव्हा तिने पुन्हा वर पाहिलं आणि परत माझ्याकडे. टोपलीतून गजरा काढून तिने माझ्या हातात दिला.

वेंकोबाकाका आले. रिक्षातून उतरून काठी टेकत फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले. मी जवळ गेले, हात धरला. ते म्हणाले, ‘‘ही कोण, अम्मा? आमची अंबुजा असी नव्हे.’’ मग डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहत म्हणाले, ‘‘ग्रुपांत घातली होती की एक... हासत बसली अहे, पुस्तक घेऊन. लाल ओठ. तो फोटो मी रोज पाहतों. तो नाही मिळाला?’’

मी म्हणाले, ‘‘नाही मिळाला, काका.’’

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नसेन. फोन माझ्या दुसऱ्या हातात होता. काकांनी मान हलवली, ‘‘होऊं दे,’’ म्हणाले आणि माझाच हात धरून घरात आले. आत अक्का होती. तिचे ओठ तिचेच होते, फिकट, जरा उघडे. मी त्या ओठांकडे पाहू शकले नाही. सगळे म्हणाले, विजयाला फार लागलं, दोघींचं मैत्रिणींसारखं होतं. तेही मी ऐकून घेतलं.

मासिक श्राद्ध झालं. फ्लेक्स काढला, तो कोणीतरी वाळवणावर झाकायला नेला. राघव एकदा म्हणाला, फ्रेमसाठी फोटो द्यायचा राहिलाय. त्याला मी तेव्हाच सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो उठला, जेवणघरात जाऊन त्या कृष्णासमोर उभा राहिला, आणि एवढंच म्हणाला, ‘‘काकांना तूं सांग.’’

इथे, वर्तमानपत्राच्या मराठी पुरवणीत, हे लिहिणं सोपं आहे हे मला कळतं. ही पुरवणी कुंभकोणमात येत नाही, आमच्या घरचे कोणी असली मराठी वाचत नाहीत. पुन्हा तेच, दार लावून. म्हणून लेख पाठवण्याआधी मी तो फोटो ग्रुपवर टाकला, खाली तमिळमध्ये लिहिलं की हा माझ्याजवळच होता, फ्लेक्सवरचे ओठ मी बदलून घेतले. कोणीतरी जोडलेले हात टाकले. काकांनी वाचलं आहे, तसं दिसतं. अजून उत्तर आलेलं नाही. मी दिवसातून किती वेळा बघते ते विचारू नका... त्यांनी मला काही बोलावं, चांगलं खडसवावं, असं फार वाटतं.

आज गुरुवार. खिडकीत ते ऊन आलं आहे, खुर्ची तिथेच आहे. पुरवणीच्या संपादक बाईंनी लेखासोबत फोटो मागितला, तेव्हा हाच पाठवला. त्यांनी कळवलं की फोटो छान आहे, पण आतलं पान काळं-पांढरं छापलं जातं, ओठ राखाडीच दिसतील. म्हणजे पुन्हा रंग गेलाच. तर छान म्हणून सोडू नका. मी सांगते ते ऐकून मग फोटोकडे पाहा. ओठ डाळिंबी आहेत. तिने बाजारात, भर उन्हात, सगळ्यांसमोर निवडलेला रंग आहे तो. ती माझ्या बोलण्यावर हसते आहे, आणि मी तिच्या समोर उभी आहे.