काळ्या मातीतलं टाकं

बायकोला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मला शाळेतून निवृत्त होऊन तीनच महिने झाले होते. पोळ्याचा आदला दिवस. ती न्हाणीत गेली आणि बादली आपटल्याचा आवाज आला. मी धावलो, तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजव्या हाताने स्वतःचा डावा हात उचलून ती त्याच्याकडे नुसती पाहत होती. कोरपन्याहून चंद्रपूर, तिथून नागपूर. जीव वाचला, डावी बाजू मात्र गेली. बोलणं जड झालं, एकेक शब्द ढकलून बाहेर काढावा लागे.

दवाखान्यातून सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "सर, पहिले काही महिने फार मोलाचे असतात. हाताचे, खांद्याचे व्यायाम दिवसातून तीनदा करून घ्या, चुकवू नका. पुढे कधी पाण्यात चालवता आलं तर चांगलंच. पाण्यात अंग हलकं होतं." त्यांच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्यच मी घरी घेऊन आलो.

त्याला कारण होतं. माझी बायको गडचिरोलीकडची, वैनगंगेच्या काठची. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो, तेव्हा तिने लुगडं खोचलं आणि माझ्यादेखत नदी पार करून परत आली. मला पोहता येत नाही. मी वाळूत तिच्या चपला धरून उभा होतो, आणि आपली बायको आपल्याहून काहीतरी मोठं आहे असं मला तेव्हा वाटलं होतं. आता ती खाटेवर पडून छताकडे पाहायची आणि मला वाटायचं, हिला एकदा पाण्यात सोडलं की बाकीचं तिचं अंगच आठवून घेईल.

आमच्याकडे पोहायचा तलाव कुठला असायला? चंद्रपूरला आहे, पण तिला रोज इतक्या लांब कोण नेणार, पायऱ्या कोण उतरवणार? घरामागे मोकळी जागा होती. एक लिंबाचं झाड आणि कपडे वाळवायची तार, एवढंच. तिथेच टाकं बांधायचं मी ठरवलं.

मुलगी नागपूरला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईले घेऊन इथीच या ना. फिजिओवाल्या बाई रोज घरी येतील."

"टाकं होऊन जाऊ दे," मी म्हटलं. "मग पहा तुही आई कशी चालते ते."

मी पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. कुठलीही गोष्ट नीट तपासून घ्यायची सवय. मी वही केली, आकृत्या काढल्या. तयार फायबरचं टाकं नागपूरहून मागवता आलं असतं, पण त्याची किंमत ऐकूनच मी फोन ठेवला. लोखंडी सांगाड्यावर ताणलेला कापडी तलाव स्वस्त होता, पण त्याला शिडी चढून आत उतरावं लागतं. शेततळ्याचं जाड प्लास्टिक सगळ्यात परवडणारं. ते मी एका ओळखीच्या शेतात जाऊन पाहिलं, ओल्या पायाने त्यावर उभा राहिलो आणि घसरून पडलो. राहिलं विटा-सिमेंटचं टाकं, एका बाजूने उतार आणि उताराला धरायला पाईप. छातीइतकं पाणी, दहा पावलं चालता येईल एवढी लांबी. या चौकशीत दिवाळी आली. या काळात सकाळचा व्यायाम मी बहुतेक करून घेत असे. दुपारचा राहून जाई, संध्याकाळी ती थकलेली असे.

मिस्त्री गावातलेच, माझ्याच वयाचे. आमच्या शाळेच्या दोन खोल्या त्यांनीच बांधल्या होत्या. खड्डा खणून झाल्यावर ते त्यात उतरले, ओंजळभर माती घेऊन दाबली आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"सर, ही काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात फाटते. हिच्यावर टाकं ठेवाचं तर अजून कमरेइतकं खोदा, मुरूम भरा, खालच्या काँक्रीटमध्ये सळई टाका. नाई तर मी जिम्मेदारी घेत नाई."

"भिंतीत सळई टाकू," मी म्हटलं. "खाली साधं काँक्रीट चालेल. छोटंसंच तर टाकं आहे."

"पानी छोटं-मोठं पाहत नाई, सर."

पण पैसा मोजकाच होता आणि मला घाई होती. जिथे वाचवायला नको होतं तिथेच मी वाचवलं. मिस्त्रींनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

बांधकाम होळीपर्यंत चाललं. विटा आल्या तर रेती नाही, रेती आली तर मजूर कापूस वेचायला गेलेले. मी दिवसभर मागेच. काँक्रीटवर पाणी मारण्याला आमच्याकडे तराई म्हणतात. ती मी कुणाच्याही हाती दिली नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाईप घेऊन उभा राहायचो. एक वेळ चुकली तर भिंतीला बारीक तडे जातात, हे मला ठाऊक होतं. आत खाटेवरून तिची हाक यायची, "अजी... हात..." मी म्हणायचो, "आलोच." कधी जायचो. कधी गेलो की ती झोपलेली असायची, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं.

चैत्रात टाकं बोअरच्या पाण्याने भरलं. तीन दिवस लागले. दुसऱ्या सकाळी पाण्यावर जवळच्या सिमेंट कारखान्यांच्या धुळीची राखाडी साय आली होती. ती मी जुन्या ओढणीने गाळून काढली. दवाखान्यातल्या त्या व्यायामाच्या बाईंना मुलगी नागपूरहून गाडीत घेऊन आली. आम्ही बायकोला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, दोघांनी धरून उताराने हळूहळू खाली नेलं. पाणी घोट्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं. तिने डोळे मिटले. मुलगी मोबाईलवर फोटो काढत होती. मग पाणी कमरेच्या वर आलं, बाईंनी तिला खुर्चीवरून अलगद उठवलं, आणि ती किंचाळली.

"पाय! माहा पाय... कुठी गेला?"

"इथीच आहे, हा पहा," मी म्हटलं. पाण्याखाली तिचा पाय माझ्या हातात होता. पण खाटेवर त्याचं ओझं तरी तिला कळत असे. पाण्यात तेही कळेना. तिने उजव्या हाताने माझी मान अशी आवळली की माझा श्वास कोंडला. जी बाई वैनगंगा पार करून आली होती, ती छातीइतक्या पाण्यात बुडण्याच्या भीतीने थरथरत होती. आम्ही तिला लगेच बाहेर काढलं.

अंग पुसताना बाईंनी तिचा डावा हात वर करून पाहिला. खांदा जरासा उचलला आणि अडला. बोटं तळहातात वळलेली होती. त्यांनी बोटं सोडवून पाहिली. मग म्हणाल्या, "सर, सांधा धरला आहे. रोजचे व्यायाम होत होते ना?"

"हो," मी म्हटलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. "तराई..." ती म्हणाली, "तराई करून राह्यले होते."

मुलीने मोबाईल खाली ठेवला. जाताना बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जो वेळ गेला तो गेला, आता आहे तेवढं टिकवायचं पाहा. त्यांचा आवाज मऊ होता. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर आणखी दोनदा तिला पाण्यात नेलं. दोन्ही वेळा तिने उतारावरच पाईप घट्ट धरला आणि मान हलवली. वैशाखात बोअरचं पाणी खाली गेलं. शेजारची बाई हंडा घेऊन आली आणि टाक्याकडे पाहत म्हणाली, "गुरुजी, आमच्या बोअरले तर पाणीच नाई." मी तिला टाक्यातलं पाणी भांड्यांना, झाडांना न्यायला सांगितलं. आठ दिवसांत टाकं रिकामं झालं.

मृगात माती फुगली. एका सकाळी पाहतो तर टाक्याचा तळ एका कोपऱ्यात वर आलेला, आणि मधून भेग गेलेली, त्यात माझं बोट बसत होतं. भेगेतून गढूळ पाणी वर झिरपत होतं. मिस्त्री आले, पावसात छत्री धरून काठावर उभे राहिले. मी वाट पाहत होतो की ते म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई कशा आहेत?"

"तशीच आहे."

"भरून टाका सर. घरात आजारी मानूस, उघडा खड्डा बरा नाई." आणि मजुरी न घेता त्यांनी दोन ट्रॉली मुरूम टाकून दिला.

दिवाळीनंतर तिला दुसरा, लहानसा झटका आला. उरलेले शब्दही कमी झाले. मुलगी अजून नागपूरला बोलावते. पण आता इतक्या लांबचा प्रवास तिला झेपत नाही, आणि मीही आग्रह धरत नाही.

आता मी तिन्ही वेळा व्यायाम घेतो. एकही चुकवत नाही. त्याने हात उघडणार नाही हे तिला ठाऊक आहे, मलाही. मूठ घट्ट मिटलेली असली की आत घाम साचतो, नखं तळव्यात रुततात. म्हणून रोज सकाळी कोमट पाण्याची वाटी घेऊन मी तिच्याजवळ बसतो, अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट उलगडतो, तळवा पुसतो, कोरडा करतो, मध्ये कापडाची गुंडाळी ठेवतो. तिला दुखतं. ती तोंड भिंतीकडे करते. मी सांगतो, झालंच, एकच बोट राहिलं. कधीकधी ती एवढंच म्हणते, "पुरे." मी थांबतो, आणि थोड्या वेळाने राहिलेलं बोट पुन्हा हातात घेतो.