पायाशी डुक्कर असलेला अंतोन

शाळा चौथीतच सुटलेली. पहिलं बाळंतपण माहेरी वसईला उरकून, तीन महिन्यांचं लेकरू घेऊन मी श्रीरामपूरजवळच्या सासरच्या वाडीवर आले, तेव्हा इकडे दुष्काळ होता. माझं दूध आटलं. लेकरू शेळीच्या दुधावर जगत होतं, आणि ती शेळीच एका सकाळी दावं तोडून गेली.

नवऱ्यानं ओढा, छावणी, रेल्वेची लाइन सगळं पालथं घातलं. मला एकच सुचलं. आमच्याकडे वसईला काही हरवलं की संत अंतोनला साकडं घालतात. तरणा, गुळगुळीत चेहऱ्याचा, कडेवर बाळ येशू घेतलेला अंतोन. वाडीच्या चर्चमध्ये त्याची तसबीर आहे, एवढं ऐकून होते. पदराखाली नवसाची भाकर घेऊन सासूबाईंबरोबर धावले.

मेणबत्ती लावली आणि वर पाहिलं. पांढरी दाढी, हातात काठी आणि पायाशी चक्क डुक्कर! अंतोनला एवढं म्हातारं कुणी केलं? आणि बाळ येशू कुठं गेला? भाकर तशीच घेऊन मी बाहेर.

"काय गं, इंचू चावला का?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, हा आमचा अंतोन नाही!"

चर्चच्या ओट्यावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. त्यातली एक म्हणाली, "वसईवाल्यांचा येगळा हाय व्हय? बोटीनं येतो का त्यो?"

"गप गं," सासूबाईंनी तिला दटावलं. "पोरी, दोगं हायत. नाव तेवढं येक. तुजा हरवलेलं हुडकून देतो. ह्यो जनावरांचा. ह्येच्या सणाला आमी गुरं-शेळ्या हितं आनतो, फादर पानी शिंपडत्यात."

"मग हरवलेली शेळी कुणाकडं मागायची?"

ओट्यावरची म्हातारी म्हणाली, "आर्धी भाकर ह्येला, आर्धी त्येला. बसू देत भांडत."

मला हसू येईना. चुकीच्या संताकडे मागणं केलं तर लेकरू उपाशी मरेल, हीच धास्ती. पुन्हा आत जाऊन, डुकराकडे न बघता अर्धी तसबिरीपुढं ठेवली. उरलेली माझ्या अंतोनच्या नावानं चर्चच्या दारात भीक मागणाऱ्या आंधळ्या बाबाला दिली.

शेळी काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दार वाजलं. बोटीचा टोमणा मारणारी बाई दारात, हातात दुधाचा पेला. तिच्या स्वतःच्या घरात पाळणा हलत होता. मी आ वासून बघतच राहिले.

"बघत काय बसलीस? आदी पाज त्येला," म्हणत ती आत शिरली आणि चुलीपुढं बसून दूध गरम करायला लागली.

सांजेला दुसरीच बाई दुधाचा पेला घेऊन आली.