अंदमानला जाणाऱ्यांसाठी चार ओळी

अंदमानला जायचं तर बरोबर काय घ्यावं, कोणत्या महिन्यात निघावं, बोट लागली तर तोंडात काय धरावं, हे सगळं मी एके काळी अख्ख्या नगर जिल्ह्याला शिकवलेलं आहे. त्या विषयातला माझा अधिकार मोठा होता. मी समुद्र पाहिलेला नव्हता. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कोपरगावची गोदावरी, आणि दुष्काळाच्या त्या साली माणसं धोतर न खोचता ती ओलांडत होती.

चोवीस वर्षांचा होतो आणि नगरच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे संपादक जेवायला घरी गेले की सगळं मीच. आमचा छापखाना एका बोळात होता. आठवडाभर तिथं लग्नपत्रिका आणि जाहीर नोटिसा छापायच्या, आणि उरल्या वेळात समाज जागा करायचा. त्या वर्षी रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळत होती, गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर बसली होती, आणि आमच्या संपादकांना दिवाळी अंकात प्रवासलेख पाहिजे होता. वाचकाला जरा गारवा वाटला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या एका लेखकानं कबूल केलेला लेख ऐन वेळी दिला नाही. संपादकांनी इकडं तिकडं पाहिलं, तर खोलीत मीच होतो. म्हणाले, अंदमान बेटावर लिहा, लोकांना उपयोगी पडेल असं लिहा, परवा द्या.

हंडाभर पाण्यासाठी बायका दोन-दोन कोस चालत होत्या. त्यांना चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या जागेची माहिती किती उपयोगी, हे काय सांगायला पाहिजे?

पण मी कसून अभ्यास केला, हे कबूल करावं लागेल. शेजारच्या पोराचं भूगोलाचं पुस्तक आणलं. त्यात अंदमानाला अडीच ओळी होत्या. समोरच्या शिंप्याच्या दुकानात नारळीची झाडं आणि समुद्र असलेलं कॅलेंडर होतं, ते मी दोन वेळा जाऊन नीट पाहिलं. आणि लष्कराच्या कॅम्पाजवळ चहा प्यायला येणारे एक रिटायर हवालदार होते, ते अंदमानात काही महिने राहून आले होते. मी त्यांना खोदून खोदून विचारलं. त्यांना तिथली रम चांगली आठवत होती. बाकी बेटाबद्दल ते म्हणाले, झाडं हायेत लई.

एवढ्या भांडवलावर मी तीन रकाने लिहिले. नारळाच्या झाडाखाली झोपू नये. जेवल्यावर लगेच समुद्रात उतरू नये. बोटीत आवळासुपारी जवळ ठेवावी. छत्री काळीच घ्यावी, रंगीत छत्रीचा रंग खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. तिथं जोंधळा मिळत नाही, म्हणून पीठ घरून न्यावं. हे मी नगर जिल्ह्यात लिहीत होतो, जिथं त्या वर्षी जोंधळा घरातसुद्धा मिळत नव्हता. स्थानिक लोकांशी अदबीनं बोलावं, असंही लिहिलं. ते कुठंही चालतं.

पान बांधायला घेतलं तेव्हा तिसरा रकाना चार ओळी कमी पडला. आमचे कंपोझिटर वयस्क होते, तीस वर्षं छपाईचे शिशाचे खिळे जुळवत होते, आणि त्यांना लेखकांविषयी आदर नव्हता. मान वर न करता म्हणाले, चार ओळी द्या, लवकर द्या, मशीन थांबलंय. मी कागदसुद्धा घेतला नाही. तिथंच उभ्या उभ्या सांगत गेलो आणि ते जुळवत गेले. होळीपर्यंत बंगालच्या उपसागराचा भरवसा देता येत नाही. जाणकार प्रवासी गुढीपाडव्याआधी घर सोडत नाहीत. उतावळेपणा करणाऱ्यास पश्चात्ताप ठरलेला. अजून अर्धी ओळ मोकळी राहिली, म्हणून पुढं घातलं, हे पक्के लक्षात ठेवावे. रकाना काठोकाठ भरला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी कंपोझिटरना माझ्या खर्चानं चहा पाजला.

अंक निघाला आणि मी गावात अंदमानवाला झालो. कोर्टातले एक कारकून दर शनिवारी येऊन बोटीबद्दल विचारायचे. त्यांना शिर्डीलासुद्धा जायला रजा मिळत नव्हती, पण बोटीत वरचा मजला घ्यावा की खालचा, याची त्यांना काळजी. मी खालचा सांगितला. का, ते मला अजून माहीत नाही. कुणी थट्टा करायचं, की एवढं काय केलंस रे, काळ्या पाण्यावर निघालास? मी गंभीरपणे हसायचो. जाणकार माणसानं कसं हसावं, ते मला तोवर जमायला लागलं होतं.

कार्तिकात एक रिटायर गुरुजी छापखान्यात आले. सुप्याकडच्या एका खेड्यातले, धुतलेली टोपी, बगलेत पिशवी. मागं त्यांच्या मंडळी होत्या. गुरुजींनी पिशवीतून माझा लेख काढला. तो कापून पुठ्ठ्यावर चिकटवला होता आणि ओळींखाली लाल शाईनं रेघा मारल्या होत्या. शाळा सुटल्यानंतर माझं लिखाण इतकं लक्ष देऊन कुणी वाचलेलं नव्हतं. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांचा एक विद्यार्थी मद्रासला गोदीत नोकरीला होता, त्यानं मार्गशीर्षातल्या बोटीत दोघांची सोय केली होती. घाई होती ती मंडळींच्या डोळ्यांमुळं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. एकेका बाजूनं दिसणं कमी होत चाललं होतं, आणि नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, काय बघायचं राहिलं असेल ते बघून घ्या.

काय बघायचं राहिलंय, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा बाईंनी अंदमान सांगितलं होतं. पंढरपूर नाही, काशी नाही. लग्न नवीन असताना त्या शाळेत नवऱ्याचा डबा घेऊन गेल्या होत्या, तेव्हा फळ्यावर देशाचा नकाशा काढलेला होता आणि समुद्रात खडूचे चार ठिपके होते. खडू सांडला असेल म्हणून त्यांनी पदरानं पुसायला हात पुढं केला. गुरुजी म्हणाले, अगं, ती बेटं आहेत, तिथं माणसं राहतात. चारी बाजूंना पाणी आणि मधे माणसं, हे बाईंच्या मनातून मग चाळीस वर्षं गेलं नाही. गुरुजींनी मुंबईला नेऊन समुद्र दाखवतो म्हटलं, तर त्यांनी मान हलवली होती. कडंनं न्हाई बगायचा, मदी उभं ऱ्हाऊन बगायचा.

आता गुरुजींची अडचण माझ्या त्या चार ओळींची होती. त्यांच्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. विद्यार्थी मद्रासहून लिहीत होता की खुशाल या. पण छापलेलं होतं की पाडव्याआधी निघू नये, आणि गुरुजींनी उभा जन्म छापलेल्यावर विश्वास ठेवायला पोरांना शिकवलेलं. त्यांनी पुठ्ठा माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

“हे खात्रीचं आहे ना? म्हणजे तसं असेल तर आम्ही पाडव्यापर्यंत थांबू.”

संपादक पलीकडच्या टेबलावर प्रुफं बघत होते, म्हणजे ऐकत होते. कंपोझिटर खिळे जुळवत होते, त्यांचा हात थांबला. त्या चार ओळी कुठून आल्या, हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि दुसरा माणूस बोलणारा नव्हता. मला एवढंच म्हणायचं होतं की गुरुजी, मला माहीत नाही. चार शब्द. रकाना भरायला लागले असते तर मी पन्नास दिले असते.

मी म्हणालो, “अगदी खात्रीचं.”

गुरुजींच्या चेहऱ्यावर केवढं समाधान आलं. मान थोडी वाकडी करून, ज्या बाजूनं दिसत होतं त्या बाजूनं बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि समुद्राचा रंग कसा असतो ते विचारलं. मला शिंप्याचं कॅलेंडर आठवलं. म्हणालो, निळा, मावशी, पार निळा. त्या खूश झाल्या. जाताना गुरुजींनी माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.

पौषात एकदा ते हवालदार चहाला भेटले. मी लेखक असल्यानं त्यांना आधी रमबद्दल विचारलं होतं, हवेबद्दल विचारायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी ते आपण होऊन म्हणाले की अंदमानला जावं तर आत्ता जावं, पौष-माघात समुद्र ताटातल्या पाण्यासारखा असतो, पुढं नुसता उकाडा. मी बिस्किट चहात बुडवलं होतं ते तसंच तळाला गेलं.

सुपा एस.टी.नं तासाभराची वाट. त्याच दिवशी जाऊन सांगता आलं असतं. जरा धावपळ केली तर माघातली बोट मिळाली असती. मी गेलो नाही. पोस्टकार्ड लिहायला घेतलं, तेही तीन वेळा, पण थापा मारल्या हे सभ्य भाषेत कसं लिहायचं ते साहित्यिकाला सुचेना. शुद्धिपत्रक छापू का, असं संपादकांना आडून विचारलं. ते म्हणाले, आपण चूक छापत नाही, मग शुद्धिपत्रक कशाचं? मला बरंच वाटलं. दोन महिन्यांचा तर प्रश्न, डोळे काय कुठं पळून जातात, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गाढ झोपलो. लाज वाटत होती, दुसरं काही कारण नव्हतं.

वैशाखात गुरुजी पुन्हा छापखान्यात आले. बाईंचा हात त्यांच्या खांद्यावर होता. उंबऱ्याशी गुरुजी थांबून म्हणाले, पाय उचल, आणि त्यांनी पाय गरजेपेक्षा जास्त उचलला. मला काही विचारावं लागलं नाही.

त्यांनी पुठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. शिक्षकाचा हात, सवय जात नाही. सगळा लेख तपासला होता. आवळासुपारीपुढं बरोबरची खूण. पिठापुढंही बरोबरची खूण, शिवाय बारीक अक्षरात, उपयोगी पडले. छत्रीवर फुली. चार ओळींपुढं खूण नव्हती, फुलीही नव्हती. गुरुजी शांतपणे सांगत होते. होळीच्या सुमारास नजर पूर्ण गेली, तरी जायचं ठरलेलं म्हणून गेलो. ही किनाऱ्यावर खडकावर उभी राहिली, चारी दिशांना तोंड करून ऐकलं, पाण्यात पाय घातले. मग ते म्हणाले, “तिथली माणसं म्हणाली, पौषात यायचं होतं. पौषात हिला एका डोळ्यानं दिसत होतं. तुम्ही ते कुणाला विचारून लिहिलं होतं?”

“कुणालाच नाही,” मी म्हणालो. “चार ओळी कमी पडत होत्या.”

कंपोझिटर उठून मागच्या दारानं बाहेर गेले. गुरुजींनी पुठ्ठा उचलून पिशवीत ठेवला. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते, पण त्यांना शिव्या येत नव्हत्या. बाईंनी आवाजाच्या रोखानं माझ्याकडं तोंड वळवलं. त्यांना त्या चार ओळींचं काही नव्हतं. त्यांना दुसरंच विचारायचं होतं, आणि त्याच्यासाठीच त्या एवढ्या लांब आल्या होत्या.

“दादा, तुमी निळा म्हनला हुता. ह्ये म्हनत्यात हिरवा हुता. खरं कोन्चं?”

“मी समुद्र पाहिलेला नाही, मावशी.”

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मंग आपन दोगं सारकंच की.” आणि मी चहा सांगायला उठलो तर नको म्हणाल्या, सुप्याची एस.टी. चुकंल.