विसळलेल्या पिशव्या

कपड्यांच्या पावडरची पिशवी संपली की मी तिच्यात पाणी घालून ती खळखळ हलवते, आणि त्या वासासरशी चारकोपच्या आमच्या खोलीतली मोरी आठवते. एका वर्षी पावडरच्या कंपनीची योजना होती, दहा रिकाम्या पिशव्या टपालाने पाठवा आणि स्टीलचा डबा मिळवा. दहा पिशव्या जमायला आईला सहा महिने लागले, कारण प्रत्येक पिशवी विसळून तिच्या तळाशी राहिलेली पावडरसुद्धा ती बादलीत उतरवायची, आणि मग पिशवी खिडकीच्या गजाला चिमट्याने वाळत घालायची. पाठवल्यावर महिन्याभराने सगळं पाकीट परत आलं. सोबत छापील चिठ्ठी होती की पिशव्या वापरलेल्या वाटत नाहीत, त्यामुळे डबा मिळणार नाही. बाबा म्हणाले, "सोड ना आता, एका डब्यासाठी परत कुठे पोस्टात जातेस?" आई म्हणाली, "डबा गेला खड्ड्यात. मला लबाड म्हणतायत ते." तिने त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं, 'आमच्या घरी पिशवीत पावडर उरत नाही. खात्री करायची असेल तर सकाळी पाणी जायच्या आत या,' आणि त्याच दहा पिशव्या पुन्हा पाठवल्या. बघायला कोणी आलं नाही, डबा मात्र आला. आज माझ्याकडे मशीन आहे, पगार आहे, आणि चिमूटभर पावडरीने काय होणार, असं माझी मुलगी रोज विचारते. तरी पिशवी मी विसळतेच. कोणाला ती कोरी वाटली, तर खुशाल वाटू दे.